कंपासपेटीतलं पाऊल

माझे वडील, म्हणजे अप्पा, कुंभकोणमातल्या एका वकिलांकडे गुमास्ते होते. दिवसभर दुसऱ्यांचे दावे लिहून त्यांचं समाधान होत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरातले दावे चालवायला घेत. मांजरानं दूध प्यायलं तर मांजराची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. समोर वादी म्हणून बहुतेक वेळा गोदात्या असे, त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली. त्या वर्षी आई बाळंतपणासाठी तंजावरला तिच्या माहेरी गेली होती, त्यामुळे घरात अप्पा, अत्या आणि नववीत गेलेली मी, अशी तीनच माणसं. न्यायाधीश कायम मीच. निकाल मात्र अत्या द्यायची आणि आम्ही दोघं तो मुकाट्यानं पाळायचो.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घराबाहेर तमिळ, घरात मराठी, आणि दोन्हीची सरमिसळ अंगणात. लग्न होऊन मी नागपूरला गेले तेव्हा सासरची माणसं माझं बोलणं बखर वाचून दाखवावी तसं ऐकत बसायची. चाळीस वर्षांत त्यांनी माझी भाषा धुऊन पुसून पार नागपुरी करून टाकली, आणि आता म्हातारपणी मी पुन्हा कुंभकोणमला येऊन राहिले आहे तर इथले भाचे-पुतणे मला हसतात. असो. माझी भाषा बदलली, पण अत्याचं बोलणं मी तिच्याच भाषेत लिहिणार. ती ऐकायला असती तर दुसरं काही लिहून तिनं दिलंच नसतं.

माणसं चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. रेडिओवर आम्ही ऐकलं होतं, वर्तमानपत्रातली काळी-करडी चित्रं मी कापून वहीत चिकटवली होती. पण हलतं-चालतं कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. अशात आमच्या मुलींच्या शाळेत बातमी आली की मद्रासहून एका कचेरीची गाडी सिनेमा घेऊन येणार आहे. खोटा, नाच-गाण्यांचा सिनेमा नव्हे. माणसं चंद्रावर कशी गेली, आधी कोण नुसतं चक्कर मारून आलं, मग कोण उतरलं, त्याचा खराखुरा माहितीपट. पहिल्या दिवशी आमची शाळा, दुसऱ्या दिवशी मुलांचं हायस्कूल, मग आजूबाजूची गावं. सिनेमा इंग्रजीत होता आणि बरोबर तमिळ माहितीचे चार कागद यायचे होते. ते माइकवरून वाचायला एक मुलगी हवी होती. माझा आवाज खणखणीत (अत्याशी बोलून बोलून झालेला), म्हणून पेरिय टीचरनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मला निवडलं. मी घरी नाचत आले.

अत्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि विचारलं, "सोमवारीं? सोमवारीं काय आहे, ठाऊक आहे कां तुज?"

सोमवारी गणेशचतुर्थी होती. गाडीचं वेळापत्रक मद्रासला ठरलेलं, तिथल्या कुणी आमचं पंचांग विचारलं नव्हतं. आता गणेशचतुर्थीला चंद्र पाहायचा नाही, पाहिला तर चोरीचा खोटा आळ येतो, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. पण आमच्या घरात ते नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं. अत्या त्या संध्याकाळी पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायची, अंगणात कुणाला येऊ द्यायची नाही, विहिरीवर झाकण घालायची. न जाणो, पाण्यात दिसेल. आणि मी नेमकी त्याच संध्याकाळी दीड तास चंद्राकडे टक लावून बघणार होते, वर माइकवरून इतरांनाही बघा बघा म्हणणार होते.

दावा तीन संध्याकाळी चालला. अप्पा माझ्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की पडद्यावर दिसतो तो चंद्र नव्हे, चंद्राचा फोटो. अत्या म्हणाली, "देवाचा फोटो चालतो नमस्काराला. मग चंद्राचा कां चालूं नये आळाला?" हा मुद्दा अप्पांना इतका आवडला की ते क्षणभर पक्ष बदलतात की काय, अशी मला धास्ती वाटली. पण दुसऱ्या दिवशी ते माळ्यावरून गेल्या वर्षाचं पंचांग काढून घेऊन आले. माणसं उतरली तेव्हा तिथी कोणती होती? सप्तमी. म्हणजे पडद्यावरचा चंद्र हा सप्तमीचा चंद्र. चतुर्थीला सप्तमीचा चंद्र पाहू नये असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय, दाखव. अत्यानं बराच वेळ कढीपत्ता निवडला. मग ती म्हणाली, "डोळ्याला पंचांग वाचतां येतें कां?" अप्पांनी पंचांग मिटलं. पण माझं तोंड एव्हाना इतकं लहान झालं होतं की तिला दया आली. तिनं परवानगी दिली ती एका अटीवर. खरा चंद्र तेव्हा आकाशात असणार, त्याच्यासाठी छत्री न्यायची. पडद्यावरच्याचं काय होईल ते होईल, मग मला सांगूं नको.

तर सोमवारी संध्याकाळी, आभाळात ढगाचा टिपूस नसताना, मी अप्पांची काळी छत्री उघडून शाळेत गेले. पोटात अत्याचे सात मोदक होते. वाटेत पानवाल्यानं विचारलं, पाप्पा (म्हणजे पोरी), कुठं पाऊस पडतोय? मी मान खाली घालून चालत राहिले. मोठ्या बाईंनी पडदा पूर्वेच्या भिंतीला लावला होता, म्हणजे बसलेल्यांची पाठ पश्चिमेकडे. त्यांनीही तिथीचा विचार केला होता, हे मला फार पुढं कळलं. मैदानावर अर्धं गाव लोटलं होतं. गाडीचा ऑपरेटर सेल्वराज नावाचा होता, तिशीतला, किडकिडीत. तो यंत्र पुसताना त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. त्यानं माझ्यासाठी यंत्राशेजारी एक स्टूल मांडलं, हातात टॉर्च दिला आणि म्हणाला, "तंगच्ची, मी बोट वर केलं की वाचायचं, खाली केलं की थांबायचं." तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. त्याच्या बोटांची टोकं दिव्याच्या काचेनं भाजून काळी झाली होती.

त्या सिनेमाबद्दल मी काय सांगू? आता माझा नातू फोनवर तेच सगळं रंगीत, लख्ख दाखवतो आणि विचारतो, आजी, मस्त ना? मस्तच आहे. पण त्या दिवशी आमच्या पडद्याला वाऱ्यानं पोट सुटत होतं, आणि पोट सुटलं की पृथ्वी फुगायची, आणि आम्ही सगळे एकदम हं करायचो. आधी गेलेले तिघं चंद्रामागून फिरून आले, तेव्हा चंद्राच्या कडेवरून पृथ्वी उगवताना दिसली. मी कागदावरचं वाक्य वाचलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. आपण सगळे तिथं आहोत, हे मैदान, हे स्टूल, तंजावरला आई, सगळं त्या निळ्या गोळ्यात; आणि अत्या खिडकी लावून बसली आहे तीही तिथंच. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मग उतरण्याचा भाग आला. शिडीवरून एक पांढरा माणूस पाय चाचपत खाली येऊ लागला. त्याचा पाय अधांतरी असताना फिल्म तुटली. पडदा पांढरा झाला, पोरींनी कालवा केला. सेल्वराजनं फटकन यंत्र थांबवलं, तुटलेली टोकं कातरीनं साफ केली, पातीनं खरवडली, चिकटवायची बाटली उघडली, आणि तेवढ्यात गाडीतलं जनरेटर खोकू लागलं. "टोक धर, धूळ लागू देऊ नको," असं म्हणून त्यानं फिल्मचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि तो गाडीकडे धावला.

मी टॉर्चसमोर ते टोक धरून पाहिलं. नखाएवढी नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. प्रत्येकात तोच माणूस, शिडीवरून सुटलेला, पाय जमिनीकडे जाणारा. शेवटच्या काही चित्रांत पाय टेकला होता. कातर यंत्राच्या खोक्यावर होती. मला कुणी भरीला घातलं नाही, दुसऱ्या कुणासाठी नेते अशी सबबही मी मनाला दिली नाही. मला ते हवं होतं, बस. मी वीतभर तुकडा कापला, गुंडाळून पोलक्यात टाकला आणि टोक पुन्हा तसंच धरून बसले. सेल्वराज आला, त्यानं टोकाला टोक चिकटवलं, फुंकर घातली, सिनेमा सुरू झाला. माणूस शिडीवर होता, तो एकदम जमिनीवर उभा दिसला. सगळ्यांना वाटलं, फिल्म तुटली म्हणून असेल. मी माइकवर वाचलं, मानवानं चंद्रावर पाऊल ठेवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाऊल माझ्या पोलक्यात होतं.

घरी आल्यावर ते मी कंपासपेटीत ठेवलं, कोनमापकाखाली. दुसऱ्या दिवशी अप्पा कोर्टाच्या कामाला आणि आईला भेटायला तीन दिवसांसाठी तंजावरला गेले. मी दिवसातून वीस वेळा पेटी उघडायचे. माडीच्या खिडकीत उजेडाकडे धरून बघायचे आणि वरून खालपर्यंत बोट फिरवून त्याला माझ्या मनानं उतरवायचे. जगातल्या कुठल्याही मुलीकडे हे नव्हतं. इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं, हे मी कबूल करते. चोरीचा माल म्हणून ते जराही कमी झालं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

बुधवारी सकाळी शाळेत गेले तो वर्गाच्या दारातच मला बोलावणं आलं. मोठ्या बाईंच्या खोलीत सेल्वराज उभा होता, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. मंगळवारी मुलांच्या हायस्कुलात तोच सिनेमा लागला. शिडीवरचा माणूस टपकन जमिनीवर दिसला, आणि तिथल्या पोरांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. पाऊल कुठाय, पाऊल दाखवा. पाऊलच नाही तर उतरले कशावरून? एक मास्तरही म्हणाले म्हणे, मला आधीपासून संशय होताच. सेल्वराजनं नंतर फिल्म उलगडून पाहिली. त्यानं स्वतः कापली होती ती दोन-तीन चित्रं. इथं वीतभर गेलं होतं. मद्रासला परत गेल्यावर रीळ टेबलावर तपासतात. असा तुकडा गेला तर ऑपरेटरनंच कापून कुणाला दिला असं धरतात आणि त्याला गाडीवरून उतरवतात.

"यंत्रापाशी तूच होतीस, सरोजा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तू पाहिलंस का काही?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि घरून मोठ्या माणसाला घेऊन ये, असं सांगितलं. अप्पा गावात नव्हते. म्हणजे अत्या.

अत्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता पहिला प्रश्न येणार, तूं घेतलीस कां? तो आलाच नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पसरला की मी बघतच राहिले. "म्हटलें होतें की नाही मी?" ती म्हणाली. "सप्तमीचा चंद्र म्हणे. तुझा बाप पंचांग दाखवितो मज. आला कां नाही आळ? दोन दिवसही लागले नाहींत."

तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि आम्ही शाळेत गेलो. मोठ्या बाईंसमोर तिनं अस्खलित तमिळमध्ये माझी बाजू मांडली, आणि अप्पांच्या वकिलांना जमली नसती अशी मांडली. या पोरीनं चतुर्थीला चंद्र पाहिला, तोही दीड तास, तोही तुमच्या शाळेनं दाखवला म्हणून. जो पाहतो त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, ही काय आजची गोष्ट आहे? प्रत्यक्ष देवावर मण्याच्या चोरीचा आळ आला, तिथं आमची सरू कोण? आळ आलाय, याचाच अर्थ तिनं चोरी केलेली नाही. केली असती तर त्याला आळ कसं म्हणणार? मोठ्या बाई कपाळाला हात लावून बसल्या. पण त्याही जुन्या वळणाच्या होत्या, पडदा पूर्वेला लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, बरं, मुलीला मी काही म्हणत नाही.

मग अत्या सेल्वराजकडे वळली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि तू रे, बाळा? हिनं नुसता पाहिला, तू तर आख्ख्या गावाला दाखवलास. तुझ्यावर तर यायचाच आळ." आज संध्याकाळी मी घरी मण्याची कथा वाचते, ती ऐकली की आळ उतरतो, तू जेवायलाच ये, असंही ती म्हणाली. कालपासून सेल्वराजशी कुणी बरं बोललं नसावं. त्यानं हात जोडले.

त्या दिवसभर अत्या गुणगुणत स्वयंपाक करत होती. अंबटभाजी, उडदाच्या पिठाची डांगर-पचडी, साखरभात, आणि उरलेल्या सारणाचे मोदक. मधून मधून माझ्या तोंडात काहीतरी कोंबायची आणि म्हणायची, "भिऊं नको. मी आहें ना." शेजारच्या घरी जाऊन सांगून आली, पानवाल्याला सांगून आली, नारळ घ्यायला गेली तिथंही सांगितलं, आमच्या सरूवर खोटा आळ आलाय. ज्याला त्याला ती चंद्राचा दोष समजावून सांगत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या, माझा कान पिळला असता, तर मी कदाचित शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिले असते. हट्टी मी होतेच. पण तिचा माझ्यावर एवढा विश्वास, आणि तो ठेवायला तिनं सबंध आकाश कामाला लावलेलं, हे काही मला गिळवेना. साखरभात मी पानात टाकला. आयुष्यात तेवढा एकदाच.

संध्याकाळी सेल्वराज आंघोळ करून, केस चापून आला. अत्यानं गणपतीसमोर समई लावली, पोथी उघडली. आम्ही दोघं समोर बसलो, दोन आरोपी. ती एक ओळ मराठीत वाचायची आणि सेल्वराजसाठी तमिळमध्ये सांगायची. देवावर आळ आला, देव रानात गेला, गुहेत गेला, मणी शोधून आणून सगळ्यांसमोर ठेवला. सेल्वराज माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "तंगच्ची, सकाळी तुझं नाव घ्यावं लागलं, मनावर घेऊ नको. चूक माझी. फिल्म सोडून मी जायला नको होतं." त्याला खरंच वाईट वाटत होतं. नोकरी त्याची जाणार होती, आणि माफी तो माझी मागत होता.

मी उठले. अत्या वाचता वाचता थांबली. मी माडीवर गेले, कंपासपेटी घेऊन आले, आणि तुकडा काढून पोथीवर ठेवला.

"मीच कापला," मी म्हटलं. "आळ खोटा नाही, अत्या. मी घेतला."

सेल्वराजनं आधी तुकडा उचलला, समईसमोर धरला, कुठं ओरखडा नाही ना ते पाहिलं. मग त्यानं इतका मोठा श्वास सोडला की समईची वात हलली. रागावला तो अजिबात नाही. तुकडा परत मिळाला एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि तो लहान मुलासारखा हसत सुटला. अत्यानं मात्र पोथी मिटली, रुमालात बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मला वाटलं, आता ती माझ्याशी कधीच बोलणार नाही. सबंध गल्लीला ती सांगून आली होती. मोठ्या बाईंसमोर ठेवणीतलं लुगडं नेसून उभी राहिली होती. त्या सगळ्यावर मी एका क्षणात पाणी ओतलं होतं, आणि तरी बोलल्यावाचून मला राहवलं नव्हतं. मी रडू लागले.

"रड नंतर," ती म्हणाली. "आधीं दाखीव, काय तें एवढें घेतलेंस."

सेल्वराजनं तुकडा तिच्या हाती दिला. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि समईच्या उजेडात तो धरला. बराच वेळ धरला. मी सांगितलं, वरून खाली बघ, पाय बघ. तिची मान हळूहळू खाली येत गेली. "टेकला," ती म्हणाली, आणि पुन्हा वरून सुरुवात केली. असं तिनं तीनदा केलं. मग तुकडा सेल्वराजला परत दिला, त्याला जेवायला वाढलं, तो पोटभर जेवून गेला. मला तिनं हाताला धरून अंगणात नेलं.

षष्ठीचा चंद्र पश्चिमेला चांगला वर होता. अत्या त्याच्याखाली उभी राहिली. मला वाटलं, ती मला शपथ घालणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"चोरी केलीस तूं," ती म्हणाली. "ती तूं उद्यां बाईंना सांग, सगळ्या पोरींसमोर सांग. पण खोटा आळ घेतला तो मी. सकाळपासून ह्या चंद्रावर. गल्लीभर सांगून आलें, ह्यानें केलें, ह्याचा दोष. त्यानें काय केलें बिचाऱ्यानें?" तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि दोन्ही हात जोडले. "चुकलें रे बाबा," ती चंद्राला म्हणाली. मीही हात जोडले. मग ती म्हणाली, "आतां चल, जेव. साखरभात टाकलास तूं दुपारीं, मी पाहिलें."

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेच्या वेळी पायरीवर उभी राहून सांगितलं. माझा खणखणीत आवाज त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, मोठ्या बाईंनी मला पुन्हा बोलायला लावलं. अत्याही बरोबर आली होती, त्याच लुगड्यात. ती बाईंना म्हणाली, काल मी जे बोलले ते परत घेते. बाईंनी तिला कॉफी दिली. परतताना अत्या पानवाल्याकडे थांबली, नारळवाल्याकडे थांबली, शेजारी थांबली, आणि काल ज्या ज्या ठिकाणी सांगितलं त्या त्या ठिकाणी सांगत गेली, की आळ खोटा नव्हता, तुकडा पोरीनंच घेतला होता, आणि पोरीनंच कबूल केलं. मी तिच्यामागून मान खाली घालून चालत होते. शेवटच्या घरापर्यंत येता येता मला जाणवलं, की कबूल केलं हे ती जरा जोरात सांगते आहे.

त्या संध्याकाळी सेल्वराजची गाडी जवळच्या नाचियारकोविल गावी होती. त्यानं सकाळीच तुकडा पुन्हा जागेवर चिकटवला होता आणि निरोप पाठवला होता, की पाटीला, म्हणजे आजीला, घेऊन ये, नीट जुळलंय की नाही ते बघायला. अत्या उभ्या जन्मात कधी सिनेमाला गेली नव्हती. पण आम्ही बसनं गेलो. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पडदा होता, पितळी समया घडवणारे कारागीर हातपाय धुऊन, बायकापोरं घेऊन बसले होते. अत्या चटईवर ताठ बसली. पृथ्वी उगवली तेव्हा तिनं नमस्कार केला. यान उतरलं तेव्हा माझं मनगट धरलं. शिडी आली, माणूस आला, पाय सुटला. जोडाच्या जागी फिल्म एकदा हलकेच उडाली, आणि पाय खाली आला, आला, टेकला.

अत्यानं शेजारी बसलेल्या, ओळखदेख नसलेल्या बाईला कोपरानं हलवलं आणि तमिळ पार विसरून, खास आमच्या मराठीत, शेवटच्या चटईपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "हें पाऊल दोन दिवस आमच्या घरीं होतें."